सावनीला बघायला स्किप आली

१२ एप्रिल २०२६, रविवार

सावनी आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी तिचा स्केटिंगचा क्लास आयत्या वेळी कॅन्सल झाला. घर चाळीस मिनिटांवर, आणि डबा तर भरून आणलेला. मग आम्ही दोघी शेजारच्या हॉलमध्ये शिरलो आणि बाकावर बसून गुळांब्याची पोळी खाल्ली. समोर बर्फावर चार-पाच आजी-आजोबा एक मोठा गोल दगड सोडत होते. दोघं जण त्या दगडाच्या पुढे पुढे धावत झाडू मारत होते. सावनी म्हणाली, "आई, ते इतका केर का काढतायत? पाहुणे येणार आहेत का?" मी म्हटलं, "असतील." तिने गुळांब्याचं बोट माझ्या शालीला पुसलं. त्या दिवसातलं एवढंच आठवतं.

आता ती तीस वर्षांची आहे आणि त्या झाडण्यासाठीच लोक तिला ओळखतात. कर्लिंगमध्ये चौघींची टीम असते. पलीकडच्या टोकाला उभी राहून दगड कुठे हवा ते सांगणारी ती स्किप. बाकीच्या आळीपाळीने दगड सोडतात आणि त्याच्यापुढचा बर्फ घासून तो लांब नेतात. सावनीइतकं दमदार घासणाऱ्या फार नाहीत, असं मी आई म्हणून नाही, सहा वर्षं काचेमागे बसून बघते आहे म्हणून लिहिते.

आज दुपारी तिची स्किप जोआन हिने सगळ्यांना कळवलं की ती खेळणं थांबवते आहे. तिला मूल हवं आहे. सावनीने छान मेसेज पाठवला, मग बराच वेळ ताटातली भाजी इकडून तिकडे केली.

"आता काय होणार?" मी विचारलं.

"टीम तुटली, आई. ऑलिंपिक झालं की सगळ्याच टीम सुटतात आणि परत बांधतात. उन्हाळा संपेपर्यंत चांगली टीम मिळाली तर मिळाली."

"नाही मिळाली तर?"

"तर पुढची चार वर्षं मी रविवारी हौशी लीगमध्ये खेळेन. आणि मग चौतीस."

माझा नवरा नरेंद्र म्हणाला, "चौतीस म्हणजे काय म्हातारपण नाही." त्याला गप्प बसायला सांगितलं.

१५ एप्रिल, बुधवार

कर्लिंगवाल्यांची एक वेबसाइट आहे. एप्रिलपासून तिथे दुसरा विषय नसतो: कोण कोणाला सोडणार, कोण कोणाकडे जाणार. 'जुना झाडू' नावाचा एक मनुष्य तर रोज यादी टाकतो. मी नुसती वाचते. आज त्याने सावनीच्या नावापुढे दोन शक्यता लिहिल्या होत्या. एक कोलीनची टीम, इथलीच, बेलव्ह्यूजवळची. दुसरी ग्रेटाची, मिनेसोटात डलूथला. ग्रेटाची टीम देशात पहिल्या तिघांत आहे आणि तिची एक खेळाडू जाणार असल्याची कुजबुज आहे.

लतिकाला फोन केला. ती माझी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली बाकावरची शेजारीण, आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, आयसेलिनला असते. तिथल्या मराठी मंडळाच्या वधू-वर सूचक गटाचं काम तिने अठरा वर्षं केलं. तिला सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाली, "उत्तरा, हे तर आपलंच काम आहे. दोन स्थळं आहेत. चांगलं कुठलं?"

"कोलीनचं," मी म्हटलं. "मुलगी शांत आहे, टीम तरुण आहे, पुढे वाढायला वाव आहे."

नरेंद्र वर्तमानपत्रामागून म्हणाला, "कोलीनचा क्लब इथून किती लांब?"

"बावीस मिनिटं."

"आणि ग्रेटाचा?"

"विमानाने साडेतीन तास, वर गाडीने अडीच. पण तो मुद्दाच नाही."

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

२० एप्रिल, सोमवार

सावनी हल्ली फोनवर बोलायला गॅरेजमध्ये जाते. हसण्याचा आवाज येतो. मी डबा शोधायला गेले तर गप्प झाली.

मी म्हटलं, टीमचं काही मी बघू का. ती घाबरलीच. "आई, प्लीज, तू काही करू नकोस. हे हळूहळू होतं. कोणीतरी कोणाशी तरी बोलतं, मग ती आणखी कोणाशी तरी बोलते."

"म्हणजे मध्यस्थ लागतोच की."

"आई."

मग तिने एकदम विचारलं, "तुझा गुडघा आता जिन्यावर दुखतो का?"

"चढताना अजिबात नाही. उतरताना थोडा."

तिने मान हलवली आणि कपडे धुवायला टाकले. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती घरीच आहे. बेलव्ह्यूमध्ये भाडी कोणाला परवडतात? तिला चांगला पगार आहे, पण मुलं आता विचार करून वागतात, हे बरं आहे.

२५ एप्रिल, शनिवार

आज केलं. सावनी मैत्रिणीच्या केळवणाला पोर्टलंडला गेली आहे, ती उद्या येईल. मी कोलीनला चहाला बोलावलं होतं. लतिकाचा सल्ला असा की आधी मोठ्या माणसांनी एकमेकांना बघून घ्यावं, मुलीला मध्ये आणू नये. जमलं नाही तर तिला वाईट वाटत नाही. अठरा वर्षांचा अनुभव आहे तिला.

कांदेपोहे केले. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं रीतसर. नरेंद्रला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. तो म्हणाला, "मी नक्की कोण आहे? मुलीचा बाप की पंच?"

कोलीन उंच, लाजाळू, हाताला घट्टे पडलेली मुलगी आहे. मला फार आवडली. तिने दोनदा पोहे घेतले. मी सावनीचं सगळं सांगितलं: कॉलेजात असताना खांदा निखळला होता, तो आता पूर्ण बरा आहे, पहाटे पाचला उठते, राग येतो पण टिकत नाही, गाते बरी, पण बर्फावर गात नाही. तिची सगळी पदकं दाखवली. मग मी कोलीनला विचारलं, घरी कोण कोण असतं, काम काय करतेस, चार वर्षं टीम टिकवायची तयारी आहे ना. तिने प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. कोणाला वाटेल मुलगी तीच आहे.

निघताना तिने विचारलं, "मी इथे आले आहे ते सावनीला माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "आमच्याकडे मुलीला शेवटी सांगतात."

ती खळखळून हसली. मला कळेना यात हसण्यासारखं काय होतं. दारात तिने मला मिठी मारली, पोह्यांची रेसिपी मागून घेतली आणि "आम्ही कळवू" असं म्हणाली.

लतिकाला लगेच सांगितलं. ती गंभीर झाली. "'कळवू' म्हणाली? म्हणजे गेलं ते स्थळ. अठरा वर्षांत 'कळवतो' म्हणून कोणी कळवलेलं नाही. रेसिपी मागणं हा सभ्यपणा झाला."

वाईट वाटलं. उरलेले पोहे रात्री आम्हीच संपवले. सावनीला काही सांगायचं नाही असं ठरलं.

२९ एप्रिल, बुधवार

फार चुकलं आहे. नीट लिहून काढते.

सकाळी 'जुना झाडू' याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की कोलीनची टीम पूर्ण झाली, सावनी तिच्याकडे जाते आहे, स्किप घरी जाऊन कुटुंबाला भेटून आली. मला आनंद झाला. म्हणजे कोलीनचं 'कळवू' खरंच कळवण्यासाठी होतं. धावत सावनीला सांगायला गेले, तर ती स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होती. ग्रेटाचा मेसेज होता. 'अभिनंदन. मनापासून. फक्त मला तूच सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं.'

"आई, तू कोलीनला घरी बोलावून जेवायला घातलंस?"

"जेवायला नाही. पोहे फक्त."

नरेंद्र खोकला.

सावनी खुर्चीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आई, इथे सीझन संपल्यावर खेळाडूच्या घरच्यांनी स्किपला बोलावलं म्हणजे ठरलंच. तो साखरपुडा असतो. बघण्याचा कार्यक्रम नसतो. तिने जॅकेटवर माझं नाव घालायला दिलंय."

"मग कोलीन वाईट आहे का?"

"कोलीन गोड आहे. पण ग्रेटा मार्चपासून मला विचारते आहे. दोन वर्षांपूर्वीही विचारलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. "मग हो का म्हणाली नाहीस?"

तिने नरेंद्रकडे बघितलं. नरेंद्रने खिडकीकडे बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तिथली भाडी."

डलूथला भाडी इतकी असतात हे मला ठाऊक नव्हतं.

मग ती म्हणाली, "ग्रेटाबरोबर मी जिंकू शकते, आई. नुसती खेळू शकते असं नाही." आणि आंघोळीला गेली. पाणी खूप वेळ वाहत होतं.

३० एप्रिल, गुरुवार

पोळ्या करपल्या. सावनी माझ्याशी नीट बोलते, तेच जास्त लागतं. लतिका म्हणते, मुली समजून घेतात. तिला मुलगे आहेत.

१ मे, शुक्रवार

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ऑगस्टिना सांगायच्या, चूक कबूल करायची तर पहिल्याच वाक्यात करा. दुसऱ्या वाक्यापासून सबबी सुरू होतात.

कोलीनकडे मी स्वतः गेले. नरेंद्रने गाडी चालवली आणि बाहेरच थांबला. मी दारातच सांगितलं की सावनीला काहीच माहीत नव्हतं, तो सगळा माझा उद्योग. कोलीनचा चेहरा पडला. मग तिने विचारलं, "म्हणजे ते प्रश्न तुम्ही माझी परीक्षा घ्यायला विचारत होतात?"

"हो. तू पास झालीस. खूप चांगल्या मार्कांनी."

ती हसली नाही, पण तिने मला आत बोलावलं आणि पाणी दिलं. जॅकेटचं काय करायचं ते ती बघेल म्हणाली. 'जुना झाडू' म्हणजे तिचाच काका निघाला, त्याला ती खुलासा लिहायला सांगणार आहे. निघताना म्हणाली, "रेसिपी मात्र परत देणार नाही." मी गाडीत येऊन थोडी रडले.

ग्रेटाला पत्र लिहिलं. ईमेल नाही, पत्र. कागदावर, शाईने, समास सोडून. पहिलं वाक्य असं: 'आपण मला ओळखत नाही, मी सावनीची आई आहे आणि आपला जो गैरसमज झाला आहे तो मी माझ्या स्वयंपाकघरात तयार केला.' पुढे पोहे म्हणजे काय, ते कोणाला का देतात, आणि आमच्याकडे ते खाऊन काहीही ठरत नाही, हे एका परिच्छेदात सांगितलं. सावनीने तुम्हाला फसवलेलं नाही, असं शेवटी लिहिलं.

नरेंद्रला वाचायला दिलं. त्याने चष्मा काढून परत घातला. "इंग्रजी अप्रतिम आहे. एक वाक्य राहिलं."

"कुठलं?"

"आम्ही दोघं ठीक आहोत. सावनीने आमच्यासाठी इथे थांबायची गरज नाही."

"त्याचा इथे काय संबंध?"

"घाल तर खरं."

मी ताजा कलम म्हणून घातलं. संबंध मला कळला नाही, पण कागदावर जागा होती. लिहिताना त्या एका ओळीत अक्षर थोडं वाकडं गेलं. पेन जुनं झालं आहे.

९ मे, शनिवार

ग्रेटाचा फोन आला, तोही माझ्यासाठी. आवाज जाड आहे आणि मध्ये मध्ये थांबून बोलते, समोरच्यालाही विचार करायला वेळ द्यावा तशी. म्हणाली, असं पत्र तिला आयुष्यात कोणी लिहिलेलं नाही आणि ते तिने क्लबच्या फळ्यावर लावलं आहे. मी म्हटलं, फळ्यावर नको. ती म्हणाली, लावून झालं.

मग सावनीशी बोलली. सावनी गॅरेजमध्ये न जाता जिन्यावर बसून बोलत होती, म्हणून ऐकू आलं. ग्रेटाने तिला तो ताजा कलम वाचून दाखवला असावा, कारण सावनी "पुन्हा वाच" असं म्हणाली. खाली आली तेव्हा डोळे लाल होते. मे महिन्यात इथे परागकणांचा फार त्रास होतो. मी तिला गोळी दिली. तिने ती हातात धरली आणि मलाही धरलं, गोळीसकट.

पण गोष्ट सोपी राहिलेली नाही. मधल्या दिवसांत ग्रेटाने विस्कॉन्सिनच्या एका मुलीला विचारलं होतं. आता शब्द कोणाचाच मोडायचा नाही, म्हणून जूनमध्ये दोघींना बोलावलं आहे. दोन दिवस खेळून बघणार. जागा एकच.

म्हणजे शेवटी बघण्याचा कार्यक्रम झालाच. लतिकाला हे सांगितल्यावर तिला जरा बरं वाटलं.

७ जून, रविवार, डलूथ

मीही आले. सावनीच म्हणाली चल. बाहेर तळ्यावर कोवळं ऊन आणि आत बर्फ. इथे उन्हाळ्यातही एक हॉल चालू ठेवतात. मी काचेमागे शाल गुंडाळून बसले होते. शेजारी त्या विस्कॉन्सिनच्या मुलीची आई. आम्ही दोघींनी आधी एकमेकींकडे बघायचं टाळलं. मग तिने थर्मासातली कॉफी पुढे केली. मी शंकरपाळ्यांचा डबा काढला. दुसऱ्या तासाला आम्ही दोन्ही मुलींसाठी हात घट्ट धरून बसलो होतो, जे व्यवहाराला धरून नव्हतं.

शेवटचा दगड सावनीला घासायचा होता. ग्रेटा पलीकडून ओरडत होती, आणि सावनी अशी वाकून, सगळं अंग त्या ब्रशवर टाकून धावत होती की मला वाटलं आता पडेल. दगड थकत चालला होता. तो थांबणार असं मला तीनदा वाटलं आणि तीनदा तिने त्याला पुढे नेलं. माझ्या घरातली, माझ्या ताटात जेवणारी मुलगी इतकी ताकदवान आहे, हे मी सहा वर्षं काचेमागून बघते, पण आज दिसलं. ती बेलव्ह्यूच्या बावीस मिनिटांसाठी घडलेली नाही.

ग्रेटाने सावनीला घेतलं. तिने हे दोघींना समोरासमोर, एकाच वेळी सांगितलं. दुसरी मुलगी रडली आणि सावनीच्या गळ्यात पडली. तिच्या आईने रिकामा डबा मला धुऊन परत दिला.

संध्याकाळी तळ्याकाठी ग्रेटा मला म्हणाली, "तिला दोन वर्षांपूर्वी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, घरी जिना आहे. मला तेव्हा त्याचा अर्थच लागला नव्हता."

मी म्हटलं, "आमच्या घरी जिना आहे खरा. तेरा पायऱ्या."

मी हॉटेलवर आल्यावर त्याचा पुष्कळ विचार केला.

८ जून, सोमवार

विमानात सावनी झोपली होती. तिच्या हाताचे घट्टे मोजले. सात.

१९ जुलै, रविवार

रोज सकाळी तेरा पायऱ्या दहा वेळा चढते आणि उतरते. नरेंद्र खाली उभा राहून मोजतो आणि मुद्दाम चुकवतो. सावनी वरून बघत होती. मी काहीही न धरता उतरून दाखवलं.

आज कळलं की ग्रेटाची पहिले दगड सोडणारी खेळाडू शिक्षण घ्यायला कॅनडाला जाते आहे. पुन्हा एक जागा रिकामी. वेबसाइटवर चार नावं चालू आहेत. लतिका म्हणाली, "मी कोणाला विचारू का?" मी म्हटलं, "खबरदार."

कोलीनची टीमही जमली. विस्कॉन्सिनची ती मुलगी तिच्याकडे आली आहे. नवं जॅकेट शिवून झालं. हे मात्र कोणीही न जुळवता जुळलं.

२२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सहाला दोघं निघाले. नरेंद्र तिला गाडीने पोचवून विमानाने परत येईल. तीन दिवसांचा रस्ता आहे. मी गेले नाही. इतका वेळ बसून गुडघा आखडतो, आणि कोणीतरी हात हलवायला दारात हवंच. सावनी गाडी वळवून पुन्हा आली. काही विसरलं का विचारलं तर म्हणाली, "नाही, तू जिन्यावरून उतरतेस कशी ते एकदा बघायचं होतं." उतरून दाखवलं. मग गेली.

मागच्या सीटवर खोका ठेवला आहे. त्याच्या झाकणावर जो कागद चिकटवला त्याची नक्कल इथे करून ठेवते, म्हणजे नरेंद्र वाटेत घोळ घालेल तेव्हा फोनवर सांगता येईल.

लिंबाचं तिखट लोणचं, मोठी बरणी: ग्रेटाला. ती सरळ माणूस आहे, गोड देऊ नये. बरणी उभीच ठेवावी.

चिवडा, निळ्या झाकणाचा डबा: तिसऱ्या खेळाडूला, हॅली तिचं नाव. तिला शेंगदाणे चालत नाहीत. यात घातलेले नाहीत, कढईसुद्धा वेगळी घेतली होती, हे तिला आवर्जून सांगावं, नाहीतर ती भीतीने खाणार नाही.

बेसनाचे लाडू, वीस: बर्फ तयार करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना, दहा-दहा. त्यांना कोणी काही देत नाही.

मेतकूट आणि गोडा मसाला: सावनीच्या कपाटात. ती घरची आहे, तिच्या नावाचा वेगळा खाऊ केलेला नाही. तिने सगळ्यांतलं मागून घ्यावं, म्हणजे ओळखी होतील.

शंकरपाळ्यांच्या डब्यावर नाव घातलेलं नाही. चौथी कोण ते अजून ठरायचं आहे. आठवड्याभरात ठरेल म्हणतात, तोपर्यंत डबा कोणी उघडू नये. जी येईल तिला द्यावा, आणि ती कोण हे माहीत व्हायच्या आधीच तो भरून ठेवला होता, हे तिला सांगावं.